तक्रारीचा प्रकार: कान

२८ मे

गेले एकदाचे! सहा आठवड्यांचं काम सांगून आलेली माणसं अकरा आठवड्यांनी गेली. ठेकेदाराचं मी मनातल्या मनात नावच ठेवलंय — होऊनजाईल. फरशी कधी येणार? होऊन जाईल, ताई. जिना कधी मोकळा होणार? होऊन जाईल. आज दारात उभा राहून म्हणतो, "बघा, झालं की नाही?" जसं काही घर मला आंदणच दिलंय.

काम चांगलं झालंय. हे इथे लिहिते, त्याला सांगणार नाही. गच्चीवरची जुनी फुटकी फरशी उखडून खाली पाणी अडवणारा लेप, वर नवी फरशी. बाबांच्या खोलीच्या छताला नवं प्लास्टर. घराला बाहेरून सायीसारखा रंग. रंग मी निवडला. होऊनजाईलला पिवळा हवा होता, त्याच्याकडे पिवळा उरला होता म्हणून!

गवंडी त्यातल्या त्यात बरा. वयस्कर, तोंड मिटून काम करणारा. आज दुपारी मला गच्चीवर बोलावलं. कठड्याच्या बुडापासून दोन बोटं वर दोन भोकं आहेत, आरपार. "ही ठेवायची ना?" म्हटलं, बुजवा. वर्षानुवर्षं त्यांतून काळे ओघळ उतरून भिंतीची कळा गेली होती, नव्या रंगाचीही तीच गत करायची का? पाणी जायला कोपऱ्यात एवढी मोठी जाळी आहे. तर तो जिन्याकडे बघून म्हणतो, "मोठ्या मालकांना विचारू?" म्हटलं, मी सांगतेय ना! बुजवली. वरून रंगाचा हातही मारला. अकरा आठवड्यांत सांगितल्याबरोबर झालेलं हे एकमेव काम.

आता दादाने येऊन बघावं. म्हणे त्या पडक्या घरात बाबांना कशाला ठेवतेस! पडकं?

३० मे

बाबांना त्यांच्या खोलीत आणलं. अकरा आठवडे बाहेरच्या खोलीत, दाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत काढले बिचाऱ्यांनी. पलंगावर टेकले आणि आधी वर बघितलं. छताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर सरळ नेली, कामावर न्यायचे तशी. मग म्हणाले, "हं."

जन्मभर लोकांची घरं बांधली, हे एकच स्वतःसाठी. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, डावा खांदा आधीच धरलेला. आणि बोलणं गेलं. चार शब्द उरलेत. हं. नको. चहा. अगं. ‘अगं’मध्ये मी, दिवसभर त्यांच्याजवळ बसणाऱ्या मावशी आणि गेलेली आई, तिघी येतो.

तर आजच्या ‘हं’ला मी पैकीच्या पैकी समजते.

९ जून

आठ दिवस पाऊस. छत कोरडं ठणठणीत. दादाला फोनवर मुद्दाम दोनदा सांगितलं.

तो नऊ तासांच्या रस्त्यावर, दहाव्या मजल्यावर. फोनवरून मतं द्यायला काय जातंय!

१७ जून

गळलं.

ऑफिसात होते. चारच्या सुमाराला आभाळ फाटल्यासारखा कोसळला, समोरची इमारत दिसेना. त्यातच मावशींचा फोन. "ताई, पायाशी थेंब पडताहेत." म्हटलं, कोणाच्या पायाशी? "बाबांच्या हो! पलंगावर!"

घरी पोचेपर्यंत पाऊस थांबला होता. पलंग एकट्या मावशींनी ओढून बाजूला केलेला, खाली घरातली होती नव्हती ती सगळी पातेली. छत आणि भिंत मिळते तिथे हातभर लांब ओला डाग. नव्या प्लास्टरवर! वर जाऊन बघितलं. गच्ची जवळजवळ कोरडी. जाळीवर पानांचा चोथा साचला होता, तो काढला. बाकी एक चीर नाही, भेग नाही.

होऊनजाईलला फोन केला. काय म्हणाला असेल ते लिहायचीसुद्धा गरज नाही.

१८ जून

आला. डागाखाली कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणे, "नवं प्लास्टर आहे ताई, घाम येतो."

घाम! छताला घाम येतो! म्हटलं, तुम्हाला का नाही येत मग?

१९ जून

काही नाही. चिडचिड.

२२ जून, रविवार

आज गच्चीला नळीने पाणी घातलं. गवंडी वर, होऊनजाईल खाली छताकडे तोंड करून खुर्चीवर. दोन तास पाणी! वरची टाकी रिकामी झाली. छतातून एक थेंब नाही.

"बघा," हात झटकत उठला, "नळीने गळत नाही म्हणजे गळतच नाही." म्हटलं, मग त्या दिवशी बाबांच्या पायांवर काय पडलं, गुलाबपाणी? गवंडी जिन्यावरून खाली येत होता. हळूच म्हणाला, "जोराचा पाऊस चालू असताना वर कुणी बघितलंय का?" मी उसळले. तो लोखंडी जिना उन्हातसुद्धा पायाखालून सटकतो, आणि मी पावसात गच्चीवर जाऊन नाचू? होऊनजाईलने लेपाबद्दल कानांवर हात ठेवले, फरशीबद्दल ठेवले, सगळ्याबद्दल ठेवले आणि गेला.

या सगळ्या गोंधळात बाबा बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा नवे शब्द! "कान," म्हणाले. मग जोर लावून, "उघड." मावशी टाळ्याच वाजवायला लागल्या. बाबांचा डावा हात वर गेला आणि कानापाशी थांबला. पुन्हा म्हणाले, "कान. उघड."

मी वाकून बघितलं. कानात दडे बसले असणार, म्हणून उघड म्हणतात. माझंच चुकलं, अकरा आठवडे ती धूळ.

२५ जून

अर्धी रजा टाकून बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. चाकाच्या खुर्चीतून उतरवताना दोन माणसं लागली. डॉक्टरांनी मळ काढला, दिव्याने आत बघितलं, म्हणाले कान लहान मुलासारखे स्वच्छ आहेत, तरी हे थेंब ठेवा. बाबांनी त्यांचा हात झटकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, किती गोड बोलत होते डॉक्टर!

परतताना गाडीत पुन्हा, "कान. उघड." म्हटलं, बाबा, उघडले ना आता! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वीट उलटी लावली.

रात्री दादाला कळवलं. बाबांचा कान दुखतोय, थेंब चालू केलेत.

२८ जून

पुन्हा! दुपारी तासभर धो धो, आणि या वेळी धार. दिव्याच्या भोकातूनही. मी घरी होते म्हणून बटण बंद केलं. बाबांची चादर, उशी, अंगातला सदरा, सगळं भिजलं. मी आणि मावशी पलंग ओढतोय, आणि बाबा मधूनमधून "कान! कान!" मी ओरडले, थांबा हो, आधी छत बघू दे, मग कान!

संध्याकाळी खोकला सुरू. आपले नेहमीचे डॉक्टर येऊन गेले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, या खोलीत ओल आहे तोवर हा खोकला हटणार नाही, आणि या वयात छाती भरली तर मी हमी देणार नाही.

बाहेरच्या खोलीत हलवलं. पुन्हा दाराजवळ, पुन्हा पायांत.

दादाला सांगावंच लागलं. तो ओरडला नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाला, "दहा तारखेपर्यंत बघ. नाही थांबलं तर मी गाडी घेऊन येतो." म्हटलं, ते आपलं घर सोडून नाही जगायचे. "अगं, छाती भरून तरी कुठे जगणार आहेत?"

फोन आपटला.

१ जुलै

होऊनजाईलने दुसराच माणूस पाठवला, गळती शोधणारा. हातात यंत्र, ते भिंतीला टेकवलं की किंकाळी फोडतं. तासभर घरभर किंकाळ्या. निकाल असा की फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपतंय, सगळे सांधे भरा. भरा! आणखी काय!

ऑफिसात आज माझं डोकं फिरलं. लिफ्टच्या तक्रारींचे फोन घेते मी, वीस वर्षं. माणूस दहा मिनिटं बोलतो, मी एक शब्द टिपते. पाचच प्रकार आहेत — अडकली, दार, दिवा, आवाज, इतर. आज एक म्हातारे गृहस्थ सांगत होते, लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली की उसासा टाकते. उसासा? म्हटलं, आजोबा, आवाज येतो एवढं सांगा ना, बाकी कशाला? आणि फोन ठेवला. साहेबांनी ऐकलं. केबिनमध्ये बोलावून सगळ्यांसमोर दार उघडं ठेवून माझी कानउघाडणी केली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी आले. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. बाबा म्हणाले, "कान उघड."

मला काय झालं कळलं नाही. "करा!" म्हणून किंचाळले. "तुम्हीही करा माझी कानउघाडणी! साहेबाने केली, दादाने केली, तुमचीच तेवढी राहिली होती!" मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. बाबांनी मान भिंतीकडे फिरवली. जेवतानाही इकडे बघितलं नाही.

मी अशी नाही.

३ जुलै

आज बाबा काहीच बोलले नाहीत. ‘हं’सुद्धा नाही.

५ जुलै

सांधे भरून झाले. दिवसभर रिपरिप होती, छत कोरडं. मावशी म्हणतात, थांबलं बहुतेक. मी काही म्हणत नाही.

(दादाला निरोप टाकला — थांबलं बहुतेक.)

८ जुलै

साडेपाचला आभाळ काळं झालं. मी बाबांच्या खोलीत पलंगाजवळ खुर्ची टाकून छताकडे बघत बसले. पाऊस सुरू झाला तेव्हा काही नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, काही नाही. हसूच आलं मला. आणि मग डागाची कड हलली. हळूहळू पसरायला लागली, दुधाला उतू यायच्या आधी येते तशी. मी नुसती बघत राहिले. मग प्लास्टरचा परातीएवढा पोपडा सुटला आणि थेट उशीवर! बाबांच्या उशीवर! बाबा बाहेरच्या खोलीत होते म्हणून.

होऊनजाईलला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं, खुनी म्हटलं. शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या, उघडू देत. तोंडाला पानं पुसलीत म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढलंत, तुमच्या बापाला असं काढाल का? पलीकडून पहिल्यांदाच ‘होऊन जाईल’ आलं नाही. नुसता म्हणाला, "ताई, मी लेप स्वतः उभा राहून घातलाय हो."

दादाला मीच फोन केला. म्हटलं, ये.

११ जुलै

नेलं.

दादा सकाळीच पोचला. पोपडा बघितला, पातेली बघितली. मावशींनी बाबांचे कपडे भरले. औषधांची पिशवी मी भरली. सकाळ, दुपार, रात्र असं चिठ्ठ्यांवर लिहून. कानाचे थेंबही ठेवले. दादाला सांगितलं, रोज तीन-तीन, दोन्ही कानांत. हात झटकतात, तर धरून टाकावे लागतात.

बाबांना कडेवर घ्यावं तसं दादाने उचललं. दारातून जाताना बाबांनी डाव्या हाताने चौकट धरली. ही चौकट त्यांनी स्वतः बसवली आहे. मला आठवतंय, मी तेव्हा परकर-पोलक्यात होते, ते ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघत होते. दादा म्हणाला, "बाबा, सोडा." सोडेनात. मग मी एकेक बोट सोडवलं. मी! माझ्या हातांनी.

गाडीची काच वर जाताना त्यांचे ओठ हलले. मी ऐकायला वाकले नाही. वाकले असते तर रडले असते.

१२ जुलै

चहाला दोन कप काढले.

१३ जुलै

मावशी येऊन गेल्या. काम नाही तरी आल्या, अर्धा तास बसल्या. पाऊस होता. गळत होतं. पातेली पण लावली नाहीत मी. गळू दे.

१४ जुलै

हात सोलवटलाय, अक्षर वाईट येतंय. तरी आजच लिहायचंय.

चारला दादाचा फोन. मी रजेवर, घरीच. बाहेर नुसता कोसळत होता. दादा म्हणाला, "अगं, तू म्हणालीस कान दुखतो." म्हटलं, दुखतो. "बाबा तसं कुठे म्हणतात? मी थेंब टाकायला गेलो तर माझा हात धरला आणि म्हणाले, कान उघड." म्हटलं, हो, तेच, गेले तीन आठवडे तेच चाललंय, दडे बसल्यासारखं वाटत असणार. तर दादा एकदम म्हणाला, "उघड म्हणतात हे तू मला कधी सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?"

"अगं, कान म्हणजे गच्चीचे कान! सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर जायचो ना, प्रत्येक गच्चीला ठेवायला लावायचे. कठड्याला दोन भोकं. जाळी तुंबली की पाणी तिथून बाहेर पडतं. पावसाळ्याच्या तोंडाला गवंड्यांच्या नावाने शिमगा चालायचा त्यांचा — आधी कान उघडा रे! आपल्या गच्चीला आहेत की दोन. बघ, कचरा बसलाय का."

कचरा!

मी फोन तसाच टाकला. मला कधी कामावर नेलं नाही. ‘तुझं काय काम तिथे उन्हात?’ मला नाही माहीत त्यांचे कान!

बाबांच्या हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे. छिन्नी आणि हातोडा घेतला आणि त्या लोखंडी जिन्याने पावसात वर गेले. गच्ची म्हणजे तळं. घोट्याच्या वर पाणी! जाळीवर पानांचा थर, त्यावर कुठून उडून आलेली पिशवी. जाळीकडे गेलेच नाही. कठड्यापाशी गुडघे टेकले आणि पाण्याखाली हाताने चाचपत राहिले. सापडेना. इतकं गुळगुळीत बुजवलेलं, वरून सायीसारखा रंग! शेवटी एका जागी पोकळ वाजलं. हातोडा दोनदा बोटांवर बसला. तिसऱ्या की चौथ्या घावाला सिमेंटचा गोळा बाहेर उडाला आणि पाण्याने जी उडी घेतली! मग दुसरा. दोन्हींकडून हातभर लांब धारा, खाली रस्त्यावर माणसं पळायला लागली.

तिथेच पाण्यात बसून राहिले. पाच मिनिटांत फरशी दिसायला लागली.

कानापर्यंत जायचा तो हात. मला वाटलं कान दाखवतात. खांदा धरलाय त्यांचा, हात त्याच्या वर जातच नाही. ते गच्ची दाखवत होते.

१५ जुलै

गवंड्याला बोलावलं. तो आला, माझी तोडफोड बघितली, हसला नाही. बोटाने दाखवत समजावून सांगितलं. लेप कठड्यावर चार बोटं वर चढवलेला असतो. तेवढं पाणी साचलं तरी काही होत नाही. पाणी त्याच्यावर चढलं की लेपाच्या मागे शिरतं आणि भिंतीतून उतरत खाली. नळीचं पाणी साचतच नाही, जाळीतून निघून जातं, म्हणून त्या दिवशी गळलं नाही. साध्या पावसाचंही तेच. वादळात पानं पडतात, जाळी तुंबते, आणि मग कान नसले तर पाणी कुठे जाणार?

म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? "मी वर बघायला सांगितलं होतं," तो म्हणाला. मग, अगदी खाली बघत, "आणि बुजवायच्या आधी विचारलं होतं, ताई."

म्हटलं, मग जोर का नाही केलात? "तुम्ही म्हणालात, मी सांगतेय ना."

असं मी म्हटलं होतं? तो गेल्यावर ही वही मागे उलटली. २८ मे. माझंच अक्षर. "मी सांगतेय ना!" उद्गारचिन्हासकट. वर आणखी शेखी मिरवलीय, सांगितल्याबरोबर झालेलं एकमेव काम म्हणून!

घर बाबांनी बांधलं. त्याचे कान बंद केले मी. आणि तीन आठवडे तो माणूस चार शब्दांच्या शिल्लकीत आणखी दोन कुठून तरी खणून आणतो, रोज कानीकपाळी ओरडतो, आणि मी टिपून घेते — तक्रारीचा प्रकार: कान. दादाला पाठवते — दुखतोय. उसासा म्हटलं की आवाज. थू!

होऊनजाईलला फोन केला. चोर म्हटलं होतं, खुनी म्हटलं होतं. सगळं सांगून म्हटलं, माफ करा. तो म्हणाला, "होऊन जातं, ताई."

रडू आलं मेल्याच्या त्या शब्दांनी.

१७ जुलै

गवंड्याने कानांत वीतभर नळीचे तुकडे बसवले, भिंतीपासून बाहेर काढून. आता ओघळ येणार नाहीत. दोन मिनिटांचं काम. मे महिन्यात विचारलं असतं तर तेव्हाच झालं असतं. भिंतीला पोपडे आहेत ते वाळल्यावर खरवडायचे.

१९ जुलै

आज आला! तसाच, काळाकुट्ट, वाऱ्यासकट. जाळी मी मुद्दाम साफ केली नव्हती. बाबांच्या खोलीत दोन तास बसले. एक थेंब नाही. बाहेर दोन्ही कान भळाभळा वाहत होते, आवाज आत येत होता.

पाऊस चालू असतानाच दादाला फोन केला. म्हटलं, थांबलं, खरंच थांबलं, पंधरा दिवसांत भिंत वाळेल, बाबांना आणायला येते. दादा म्हणाला, "बघू ना." बघू? काय बघू? भांडायच्या तयारीनेच बसले होते मी. तर म्हणतो, "अगं, बाबा बोलायला लागलेत."

काय बोलतात?

"कामाचे शब्द! सगळे आत आहेत. मी कानाचं ओळखलं ना, दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. लिफ्टच्या दारापाशी म्हणाले, ओळंब्यात नाही. काल चहा दिला तर एक घोट घेतला आणि गवंड्याला सुनवावं तसं म्हणाले, माल पातळ. मी आणि ते, दोघेही ठसका लागेपर्यंत हसलो. खोकला गेलाय म्हणून बरं."

मीही हसले. फोन ठेवल्यावर नाही.

माझ्याकडे दोन वर्षं चार शब्द.

२० जुलै

रागावले कोणावर? सकाळपासून शोधतेय. माणूसच सापडत नाही.

२१ जुलै

दादाने फोन त्यांच्या कानाला लावून धरला. म्हटलं, बाबा, मी. कान उघडले. माझ्या हातांनी उघडले, तुमच्याच छिन्नीने. नुसता श्वास ऐकू येत होता. मी एकही शब्द घातला नाही मध्ये, वाट बघितली. मग म्हणाले, "हं."

म्हटलं, खोली कोरडी आहे. घरी न्यायला येऊ?

"नको."

फोन ठेवणार तेवढ्यात पुन्हा आवाज आला, एकेक शब्द खणून काढल्यासारखा. "तू. ये. राहायला."

रजेचा अर्ज भरला. त्यातही रकाने आहेत, आजारपण, लग्नकार्य, इतर. कशावरच खूण केली नाही. खाली मोकळ्या जागेत लिहिलं, बाबांनी बोलावलंय.